शून्य ग्लास

सोमवार, १० सप्टेंबर

प्रार्थनेनंतर प्राचार्य एमोरुत साहेबांनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, मुलींच्या न्हाणीघराच्या दाराचं असेल. ते दार तीन आठवडे एका बिजागरीवर लटकतंय. पण दाराचा विषय निघाला नाही. कंपालाहून एक बाई येणार आहेत, विद्यार्थ्यांनी पार्टी करावी तर जबाबदारीने कशी करावी, हे शिकवायला. एका दिवसाची कार्यशाळा. मागच्या सत्रात निरोपाच्या पार्टीनंतर पोरांनी कॉलेजचं फाटक उखडून दलदलीत नेऊन टाकलं, ते पेपरात आलं, त्यावरचा हा इलाज. कार्यशाळा झाली की तिचं मूल्यमापन करून वर पाठवायचं आहे आणि ते मी करायचं आहे.

"मी? सर, मी सातवी शिकलेली. एवढे अध्यापक आहेत की."

"अध्यापकांना वेळ नाही. आणि मेट्रन, तुम्ही वाचता. ग्रंथालयाचं कार्ड झिजवलेलं माणूस या कॉलेजात तुम्ही एकट्याच."

हे खरं आहे. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी होस्टेलची मेट्रन आहे आणि त्यातली सात वर्षं हाताला लागेल ते वाचते. कोंबडीपालन, जुने कायदे, शेवटची चाळीस पानं फाटलेली एक कादंबरी. साहेबांनी ते पाहिलेलं आहे हे ऐकून बरं वाटलं. लिहायला लाज कसली.

कोठीवरच्या ओचोमला सांगितलं तर तो म्हणाला, "मास्तरांनी नको म्हटलं असेल, म्हणून तुमच्या गळ्यात. तुम्ही 'का' म्हणून विचारत नाही ना." ओचोम असाच बोलतो. जाताना त्याने ती चाळीस पानं नसलेली कादंबरी वाचायला नेली.

शब्दकोशात 'मूल्यमापन' बघितलं. एखाद्या गोष्टीची किंमत ठरवणे.

बुधवार, १९ सप्टेंबर

कार्यशाळा झाली. बाईंचं नाव नाबुकेन्या. तिशीच्या असतील. पांढरे बूट घालून आल्या होत्या, दुपारपर्यंत ते आमच्या मातीच्या रंगाचे झाले. दोनशे बारा विद्यार्थी जेवणघरात बसवले. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, पार्टी म्हणजे काय. मागून एकजण म्हणाला, "जिथे मेट्रन नसते ती." सगळे हसले. मीही हसले.

शिकवलं मात्र चांगलं. मी आधी वाकडं तोंड करून बसले होते, ते सरळ केलं. उगाच देवाधर्माचं बोलल्या नाहीत. जाल तर चौघांनी जा आणि चौघांनीच परत या. रिकाम्या पोटी पिऊ नका. मुलीला एकटीला वाटेला लावू नका. मग छोटी नाटकं झाली. ओकिरोर नावाच्या पोराने दारुड्याचं काम केलं, ते जरा जास्तच सफाईदार होतं. साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली.

चौथा नियम त्यांनी फळ्यावर लिहिला. कुणी आडवा झाला तर 'झोपू दे, उतरेल' असं कधीही म्हणू नका. हाक मारा, चिमटा घ्या, कुशीवर वळवा आणि घेऊन या. मग म्हणाल्या, "आणणाऱ्याला कुणी काही विचारणार नाही. बरोबर ना, सर?" साहेबांनी मान हलवली आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

मी तेवढ्यात टाकीचं पाणी बघायला बाहेर गेले. टाकी भरलेली होती. थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

जेवायला बाईंना अताप, म्हणजे नाचणीची घट्ट उकड, आणि शेंगदाण्याची आमटी दिली. त्यांनी मुलाला औषध भरवावं तसे लहान लहान घास स्वतःला भरवले. जाताना फॉर्मांचा गठ्ठा माझ्याकडे दिला. "मेट्रन, हे भरून घ्या आणि तक्ता करून पाठवा. सोपं आहे."

शुक्रवार, २१ सप्टेंबर

फॉर्म सगळे आले. दिवसभर मोजत होते.

पहिले सहा प्रश्न साधे आहेत. कार्यशाळा आवडली का, आवाज नीट येत होता का. सातवा असा: 'गेल्या पार्टीत तुम्ही किती ग्लास दारू घेतलीत?' दोनशे बारापैकी एकशे सत्त्याण्णव जणांनी लिहिलंय शून्य. सहाजणांनी एक किंवा दोन. ते सगळे कंपाला आणि जिंजा या शहरांकडचे. नऊजणांनी जागा कोरी ठेवली.

ओचोम कोठीची किल्ली न्यायला आला होता. माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हसत हसत घेवड्याच्या पोत्यावर बसला.

"शून्य. पण खोटं कुठे आहे? मीसुद्धा जन्मात ग्लासने प्यालो नाही."

"गप्प बसा."

"माझा बापही नाही. आमचं सगळं घराणं निर्व्यसनी."

इकडे आमच्या तेसो मुलखात अजोन, म्हणजे गावठी दारू, पितात ती मडक्यातून. आंबवलेली नाचणी मडक्यात, मडकं मध्ये, भोवती माणसं आणि प्रत्येकाच्या हातात बोरूची लांब नळी. मडकं उतरलं की घरची बाई किटलीतून कढत पाणी ओतते आणि पुन्हा सुरू. ग्लास त्यात कुठेच येत नाही. कोण किती वेळ बसला होता हे विचारायचं तर, किती किटल्या झाल्या असं विचारतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाई कंपालाच्या, त्यांच्याकडे बाटली आणि ग्लास, म्हणून त्यांनी तसं विचारलं. पोरांनी विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं.

"हे तक्त्याखाली लिहा," ओचोम म्हणाला.

"मला मोजायला सांगितलंय, समजवायला नाही. आणि साहेब इथलेच आहेत. त्यांना काय मी मडकं शिकवू?"

तक्ता चांगला झालाय. लाल शाईने रेघा मारल्या.

मंगळवार, २५ सप्टेंबर

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. "त्र्याण्णव टक्के," असं म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "त्र्याण्णव टक्के, मेट्रन." मी म्हटलं, "सर, सातवा प्रश्न ग्लासबद्दल आहे." ते म्हणाले, "हो, तोच तर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मला वाटलं, त्यांना कळलंय आणि ते मनात हसतायत. साहेबांना विनोद चेहऱ्यावर न आणता करायची सवय आहे.

सकाळच्या सभेत त्यांनी ते वाचून दाखवलं. आपल्या कॉलेजातले त्र्याण्णव टक्के विद्यार्थी मद्याला शिवत नाहीत. माझं नाव घेतलं, मला उभं केलं. पोरं हसतील अशी मला भीती होती. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

कंपालाहून बाईंचा फोन आला, असा निकाल कुठेच आला नाही म्हणाल्या. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात साहेबांनी फोन घेतला.

ओचोमने कादंबरी परत केली. विचारलं, कशी वाटली. म्हणाला, शेवट फार सुंदर आहे. न वाचता पुस्तकं कशाला नेतात लोक, कळत नाही. आज दुसरं नेलं.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. सकाळी झेंडा झाला, मग कॉलेज मोकळं.

चारच्या सुमारास एक बोडा, भाड्याची मोटारसायकल, मोठ्या फाटकातून आत आली, मधल्या पटांगणातून, सगळ्यांच्या देखत. पुढे चालवणारा, मध्ये अकुरुत रोज, मागे असेकेन्ये स्टेला. दोघी दुसऱ्या वर्षाच्या. स्टेलाने स्वतःचं कापड सोडून रोजला पोटाशी बांधलं होतं, तान्हं मूल पाठीला बांधतात तसं, फक्त उलट. रोजची मान लुळी होती.

स्टेलाने उतरायच्या आत सगळं सांगितलं. "तोतो, ही उठत नाहीये. आम्ही गावात अडेकेच्या घरी मडक्यावर होतो. मग कुणीतरी बाटली आणली, हिने त्यातलंही घेतलं. सकाळपासून काही खाल्लं नाही. मलेरियाच्या गोळ्या चालू आहेत. वाटेत दोनदा ओकली, मी कुशीवर धरली होती."

पोरं मला तोतो म्हणतात, आई. पण एरवी आईला सांगतात तसंच सांगतात, म्हणजे अर्धं. हिने काही ठेवलं नाही. बरोबर आणखी कोण होतं विचारलं तर म्हणाली, पाचजण होते, कॉलेजचा रस्ता दिसल्यावर ते उसाकडे वळले.

मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर पार खाली गेली होती, बरं झालं आणली, 'झोपेल' म्हणून ठेवली असती तर उद्या तुम्ही दुसऱ्याच कामाला आला असतात. रोजने सात वाजता डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, माझी चप्पल कुठाय.

आल्यावर होस्टेलच्या आजार-वहीत नेहमीप्रमाणे नोंद केली. नाव, वेळ, कुणी आणलं, कुठून आणलं. कुठून या रकान्यात लिहिलं: अडेकेच्या घरून, मडक्यावरून.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

स्टेलाला शिस्त समितीची नोटीस लागली. पुढच्या शुक्रवारी, एकोणीसला. सहाध्यायिनीला मद्याच्या ठिकाणी नेल्याचा आरोप. पुरावा म्हणून माझ्या वहीचं पान. त्याला जोडून माझा तक्ता.

साहेबांकडे गेले. "सर, तक्ता कशाला?"

"तुमच्याच तक्त्याप्रमाणे इथे कुणी पीत नाही. मग ही एक निघाली, म्हणजे हीच नासकी. एक काढली की टोपली स्वच्छ."

"सर, ते शून्य म्हणजे ग्लास शून्य. मडक्याचं त्यात धरलेलंच नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे त्याचा प्रश्न नाही, मेट्रन. तक्ता कंपालाला पोचलाय. पुढच्या वर्षी बाकीच्या कॉलेजांत हाच कार्यक्रम न्यायचा म्हणतायत, आपलं उदाहरण देऊन."

"आणणाऱ्याला काही विचारणार नाही असं बाई म्हणाल्या होत्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या म्हणजे नियम नव्हे."

म्हणजे त्यांना कळलं होतं आणि ते हसत नव्हते. एवढ्या वर्षांत मी माणसं वाचायला शिकले नाही.

समितीने काढलं तर बारा नोव्हेंबरची परीक्षा गेली. परीक्षा गेली की शिक्षिकेचं प्रमाणपत्र गेलं, दोन वर्षं गेली, आणि काढलेल्या मुलीला दुसरं कॉलेज घेत नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

स्टेला माझ्याकडे घेवडा निवडायला येऊन बसली. मी बोलावलं नव्हतं.

"तोतो, एक विचारू? मीही उसात पळाले असते तर?"

"रोज मेली असती."

"ते माहीत आहे. रोजचं नाही विचारत. माझं काय झालं असतं?"

"तुझं काही झालं नसतं."

"हं," म्हणाली आणि खडा काढून बाजूला ठेवला.

तिचं घर काताक्वीच्या पुढे आहे. वडील नाहीत. घरात पहिली मास्तरीण होणार म्हणून आईने आत्तापासून भिंती सारवायला काढल्यात. आईला कळवलंस का विचारलं. म्हणाली, "काय कळवू? रंग कुठला द्यायचा ते विचारत होती फोनवर. मी म्हटलं, पांढरा दे."

मग म्हणाली, "तुम्ही वहीत मडकं नसतं लिहिलं तर चाललं नसतं का?"

"मी बघते तेच लिहिते."

"तेच म्हणतेय मी. सगळं लिहिता. तक्त्यात मात्र नाही लिहिलंत."

ती उद्धटपणे नाही बोलली. घेवडा संपेपर्यंत बसली.

दुपारी रोजचे वडील येऊन गेले. कडक कारवाई केल्याबद्दल साहेबांचे आभार मानले. स्टेला पटांगणातच उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

सकाळी साडेसहाला स्वयंपाकघराच्या भिंतीशी पहिल्या वर्षाचा एक मुलगा सापडला. ताप, ओकारी, दारूचा वास. कुणीतरी उचलून आणून कुशीवर नीट ठेवलं होतं, डोक्याखाली दुमडलेला शर्ट. ठेवणारे पळून गेले होते. चहाच्या चुलीसाठी लाकडं आणायला आलेल्या बाईच्या पायाला तो लागला म्हणून कळलं. किती वेळ तिथे होता, कुणाला माहीत नाही.

वाचला. शर्ट कुणाचा विचारलं, तर अख्ख्या होस्टेलमध्ये कुणाचाच नाही.

म्हणजे कार्यशाळा लक्षात आहे त्यांच्या. कुशीवरचंही लक्षात आहे. आणि स्टेलाचंही लक्षात आहे.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

उद्या समितीपुढे मी बोलणार आहे. ओचोमला सांगितलं.

"क्वार्टर जाईल तुमचं," तो म्हणाला. "साहेबांना खोटं पाडलंत तर सत्र संपायच्या आत जाईल."

"जाईना."

"राहाल कुठे?"

"माझ्या दिराच्या घरी एक खोली आहे."

"दिराचं घर तुम्हाला आवडत नाही. अकरा वर्षांत दोनदा गेलात." मग म्हणाला, "माझं घर रिकामंच असतं म्हणा." मी म्हटलं, तुमच्या घरात पोत्यांशिवाय काय आहे, झोपायला जागा तरी आहे का. तो निघून गेला. पुस्तक न्यायचं विसरला.

एक गोष्ट मी या वहीत कधी लिहिली नाही, ती लिहिते.

माझा नवरा इयाडू भावाच्या घरच्या मडक्यावरून दुपारी परत आला. चालत आला. आंब्याखाली आडवा झाला. माझी जाऊ म्हणाली, ह्यांचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतंय. मी नाचणी निवडत होते. मी म्हटलं, झोपू दे, उतरेल. कोंबड्या त्याच्या पायाशी टिपत होत्या. एकदा त्याने हात हलवला, मला वाटलं कोंबड्यांना हाकलतोय. नाचणी निवडून झाली तेव्हा पाच वाजून गेले होते.

त्या दिवशी तो फार प्यालाही नव्हता. भाऊ म्हणाला, एकच किटली झाली होती.

चार वर्षांनी ग्रंथालयाने मोडीत काढलेल्या पुस्तकांत वैद्यकीचं एक जाडं पुस्तक होतं. मी ते चुलीसाठी आणलं होतं. उघडलं तर त्या पानावर तोंड एका बाजूला ओढलं जाण्याबद्दल दोन ओळी होत्या. दारूचा त्यात उल्लेखच नव्हता. ताबडतोब दवाखान्यात न्यावे, असं होतं. त्या दिवसापासून हाताला लागेल ते वाचते. अजून काय काय लिहून ठेवलेलं असेल आणि मला माहीत नसेल, असं वाटत राहतं.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

समितीत पाचजण. साहेब, उपप्राचार्य, रेव्हरंड ओलुपोट आणि दोन अध्यापक. स्टेला दाराशी बाकावर. मी साक्षीला, म्हणजे वहीतलं अक्षर माझं आहे एवढं सांगायला.

"अक्षर तुमचं?"

"हो. तक्त्यातलंही माझंच. त्याबद्दल बोलायचंय."

"तक्त्याबद्दल वाद नाही," साहेब म्हणाले.

"माझा आहे. आकडे खरे आहेत. प्रश्न चुकलाय. मला एक मिनिट द्या, तोच प्रश्न मी इथे विचारते." कुणी हो म्हणायच्या आत मी उपप्राचार्यांकडे वळले. टेबलाला घट्ट धरून उभी होते. "सर, गेल्या नाताळात तुम्ही किती ग्लास दारू घेतलीत?"

ते गोंधळले. "ग्लास? ग्लास कुठे असतो आपल्याकडे. शून्य."

"लिहिते. शून्य." मी खरोखर कागदावर लिहिलं. दोन्ही अध्यापकांना विचारलं. एक म्हणाला शून्य. दुसरा म्हणाला शून्य आणि हसू दाबायला खोकला.

"एमोरुत साहेब, ईस्टरला सासुरवाडीला गेला होतात. किती ग्लास?"

"मेट्रन, हा खेळ पुरे."

"शून्यच ना, सर?"

साहेबांऐवजी रेव्हरंड म्हणाले, "शून्यच असणार. त्यांच्या सासऱ्याकडे ग्लासच नाहीत, मी जातो तिथे."

"आणि रेव्हरंड, तुम्ही?"

"मी पीत नाही, बाई."

"म्हणजे शून्य. शंभर टक्के. आमच्या मुलांपेक्षा तुमची समिती सरस आहे. आता दुसरा प्रश्न. किटल्या किती?"

सगळे खिडकीकडे बघायला लागले. खिडकीत काही नव्हतं. मग रेव्हरंडच म्हणाले, "मी पीत नाही, पण बसतो. ईस्टरला पाच झाल्या."

खोकणारा अध्यापक आता उघड हसला. साहेबांचा चेहरा काळवंडला. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, "या मुलीने जे केलं ते कॉलेजातल्या जवळपास सगळ्यांनी केलंय. मडक्यावर बसणं चूक असेल तर सगळ्यांना काढा, मीही किटली ओतलेली आहे. पण कॉलेजचा रस्ता दिसल्यावर पाचजण पळाले आणि एक फाटकातून आत आली. तुम्ही पळालेल्यांना ठेवताय आणि आलेलीला काढताय. मंगळवारी एक मुलगा भिंतीशी ठेवलेला सापडला. ठेवणाऱ्यांना नियम पाठ होता. तुमची नोटीसही पाठ होती."

"तक्त्यात तुम्ही हे का लिहिलं नाही?" उपप्राचार्यांनी विचारलं.

"विचारलं नव्हतं म्हणून. ती माझी चूक. तीसुद्धा लिहून घ्या."

बाहेर काढलं मला. स्टेलाच्या शेजारी बाकावर बसले. ती म्हणाली, "तोतो, तुमचा हात थंड पडलाय." मी म्हटलं, "टेबलाला धरून होते." तासभर बसलो. आतून आवाज मोठे व्हायचे, मग लहान. ती एकदाच म्हणाली, "मी केलं ते बरोबर केलं का, ते कुणीच सांगितलं नाही अजून."

मी म्हटलं, "तू केलंस ते बरोबर. मला एकदा करायचं होतं, मी नाही केलं."

तिने विचारलं नाही, कधी.

शनिवार, २० ऑक्टोबर

निकाल आला. तीन विरुद्ध दोन. स्टेला परीक्षेला बसेल. पण शिक्षा म्हणून परीक्षेपर्यंत होस्टेलबाहेर राहायचं. कोण कुठल्या बाजूने होतं सांगत नाहीत, पण रेव्हरंड मला पाहून उगाच टोपी सारखी करत होते.

माझं क्वार्टर होस्टेलच्या कुंपणाबाहेर आहे. आठ पावलं. ती ट्रंक घेऊन तिथे आली. हे नियमात बसतं का असं लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. क्वार्टरबद्दलही काही आलेलं नाही. येईल तेव्हा बघू.

रोज पेरू घेऊन आली होती. दारातच रडत बसली. स्टेला म्हणाली, "आत ये, माश्या येतायत."

मंगळवार, २३ ऑक्टोबर

नाबुकेन्या बाईंना मी पत्र लिहिलं होतं, मडक्याचं, किटलीचं, नळीचं सगळं. चित्र काढून. त्यांचा आज फोन आला. म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "आम्हाला वाटलं, मडकं सगळ्या जगाला माहीत असतं." पहिला अहवाल त्या मागे घेणार आहेत. नवा पाठवायला सांगितलाय, या वेळी छोटा, एकच प्रश्न. साहेबांच्या सहीने.

फॉर्म घेऊन ऑफिसात गेले. साहेब माझ्याशी शुक्रवारपासून बोलले नव्हते. 'कार्यशाळेचा प्रत्यक्ष उपयोग किती जणांना झाला?' खाली दोन रकाने, विद्यार्थी आणि कर्मचारी. मी विद्यार्थ्यांपुढे दोन लिहिलं होतं.

"दोनशे बारापैकी दोन?" साहेब म्हणाले.

"एक आणणारी, एक आणलेली. भिंतीशी ठेवलेला मुलगा धरला तर तीन होतील, पण तो अर्धाच धरावा लागेल, आणि अर्धा लिहायला जागा नाही."

"हसतील आपल्याला."

"हसतील. पण हे दोन खरे आहेत, सर. हाताने मोजून दाखवता येतात."

त्यांनी कागद उलटून पाहिला. न्हाणीघराच्या दाराला सुतार पाठवतो म्हणाले, मध्येच. मग पेन घेतलं, आणि सही करता करता बोट खालच्या रकान्यावर थांबलं.

"कर्मचारी, एक. हे कोण?"

"आहे एकजण."

"उपयोग झाला त्याला?"

"झाला. जरा उशिरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी नजर खाली घातली नाही. त्यांनी सही केली.